डीप पर्पल: माणसे बदलली तरी बँड तोच का वाटतो?

जुनी_कॅसेट (मूळ प्रश्न)

नमस्कार. डीप पर्पल या इंग्लिश बँडविषयी एक शंका बरेच दिवस मनात आहे, ती येथे सविस्तर मांडतो. माझ्या मामांकडच्या कॅसेटांमध्ये 'मेड इन जपान' होती, म्हणजे ऑगस्ट 1972 मध्ये ओसाका आणि टोकियो येथे झालेल्या कार्यक्रमांचे थेट ध्वनिमुद्रण, आणि शाळेच्या वयापासून मी तीच ऐकत आलो. गायक इयन गिलन, गिटारवर रिची ब्लॅकमोर, हॅमंड ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बेसवर रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमवर इयन पेस ही पाच नावे माझ्या दृष्टीने एकाच नावासारखी होती. चाहते या संचाला 'मार्क टू' म्हणतात, कारण 1968 साली स्थापन झालेल्या या बँडचा तो दुसरा संच होता, हे मला पुष्कळ नंतर कळले.

गेल्या वर्षी मी त्यांचे सगळे अल्बम प्रकाशनाच्या क्रमाने ऐकले आणि एका ठिकाणी अडलो. 1974 सालच्या 'बर्न'मध्ये ब्लॅकमोर, लॉर्ड आणि पेस हे तिघे जुने आहेत. 2024 सालच्या '=1' या अल्बममध्ये गिलन, ग्लोव्हर आणि पेस हे तिघे जुने आहेत. दोन्हीकडे पाचांपैकी तीनच जण मार्क टूचे आहेत, आणि गिटार व ऑर्गन ही या बँडची खूण मानली तर ती 'बर्न'मध्ये जशीच्या तशी आहे. असे असूनही मला 'बर्न' हा दुसऱ्याच एखाद्या चांगल्या बँडचा अल्बम वाटतो, आणि त्यानंतर 50 वर्षांनी आलेला अल्बम, गिटारवर सायमन मॅकब्राइड आणि ऑर्गनवर डॉन एअरी असूनही, माझ्या कॅसेटच्या घरातला वाटतो. हा केवळ गायकाच्या आवाजाचा परिणाम आहे, की त्यामागे आणखी काही कारण आहे?

जाता जाता आणखी एक प्रश्न विचारतो. मी दोन वर्षांपासून गिटार शिकत आहे. 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरुवातीची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, मी स्वर न चुकता वाजवतो, तरीही ती मुळासारखी मुळीच वाटत नाही. असे का होत असावे?

पट्टी_काळी_दोन

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यातूनच पहिल्याकडे जाण्याची वाट आहे असे मला वाटते.

ती रिफ आपल्या पद्धतीने लिहायची तर षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम. पुन्हा षड्ज, कोमल गंधार आणि तीव्र मध्यमाला स्पर्श करून शुद्ध मध्यम. मग पहिली ओळ पुन्हा आणि शेवटी कोमल गंधारावरून षड्जावर परत. गिटार शिकणारे बहुतेक जण हे स्वर एकाच तारेवर वाजवतात किंवा नेहमीच्या पॉवर कॉर्डमध्ये, म्हणजे प्रत्येक स्वराच्या वर त्याचा पंचम ठेवून, वाजवतात. ब्लॅकमोर तसे करत नाहीत. ते मुख्य स्वराच्या खाली चौथ्या अंतरावरचा स्वर घेतात, म्हणजे षड्जाखाली मंद्र पंचम आणि मध्यमाखाली षड्ज, आणि शेजारच्या या दोन तारा प्लेक्ट्रमने, म्हणजे नखीने, न छेडता बोटांनी एकदमच ओढतात. प्लेक्ट्रमने छेडल्यास एक तार आधी आणि दुसरी निमिषभराने वाजते, तर बोटांनी ओढल्यास दोन्ही स्वर एकाच क्षणी सुटतात. हा फरक करून पाहावा, रिफ बरीचशी जवळ येईल.

तरीही ध्वनिमुद्रणातली जाडी येणार नाही, कारण ती एकट्या गिटारची नाहीच. मूळ ध्वनिमुद्रण हेडफोनवर ऐकावे. आधी गिटार एकटी येते, मग पेस यांची हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांची जोडी, सुरू होते आणि तिच्याबरोबर गिटारच्याच स्वरांवर ऑर्गन चढतो, त्यानंतर बाकीचे ड्रम, आणि बेस सर्वांत शेवटी. आपण ज्याला गिटारचा आवाज समजतो त्याचा निम्मा भार ऑर्गन उचलत असतो. हॅमंड ऑर्गन साधारणपणे लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून वाजवतात आणि त्यामुळे त्याचा आवाज चर्चमधल्यासारखा लहरत येतो. लॉर्ड यांनी त्यांचा ऑर्गन गिटारसाठी बनवलेल्या मार्शल अँपमधून वाजवायला घेतला, त्यामुळे त्याला गिटारसारखाच घासलेला, करकरीत पोत आला. लेस्टर गावात लहानपणापासून पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकलेल्या माणसाने हे केले, हे मला फार मोलाचे वाटते. त्यांना ऑर्गन गिटारच्या मागे उभा करायचा नव्हता, शेजारी उभा करायचा होता.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. हा शेजार या बँडला आयता मिळालेला नव्हता. 24 सप्टेंबर 1969 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर लॉर्ड यांची एक मोठी रचना सादर केली आणि माल्कम अर्नल्ड यांनी तिचे संचालन केले. त्याने नाव झाले, पण वाद्यवृंदाबरोबर वाजवणारा बँड अशी ओळख पक्की होण्याचा धोकाही निर्माण झाला, आणि ब्लॅकमोर यांना ते मुळीच नको होते. त्यानंतर जून 1970 मध्ये आलेला 'डीप पर्पल इन रॉक' हा त्या ओढाताणीचा निकाल होता. त्यात शास्त्रीय संगीताचे वळण आहे, पण ते वाद्यवृंदाकडे न राहता गिटार आणि ऑर्गन यांच्या सवालजवाबात उतरले आहे, आणि खाली पेस यांचे ड्रम आहेत, जे ऐकताना जीन क्रूपा आणि बडी रिच या जॅझ ड्रमवादकांचे संस्कार सतत जाणवतात. हार्ड रॉकचे पुष्कळ ड्रमवादक ताल ठोकतात, पेस तो झुलवतात. 1968 पासून आजवर प्रत्येक संचात असलेला हा एकमेव माणूस आहे, ही गोष्ट माझ्या मते आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग आहे.

दुसरा भाग कामाच्या पद्धतीचा आहे आणि तो समजून घेण्यासाठी डिसेंबर 1971 मधील माँत्रो पाहावे लागते. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा सरोवराकाठच्या या गावातल्या कसिनोमध्ये ध्वनिमुद्रण करण्याच्या इराद्याने ते तेथे पोहोचले होते आणि रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे यंत्रसामग्रीने भरलेला ट्रक, त्यासाठी भाड्याने घेतला होता. 4 डिसेंबरला अमेरिकी संगीतकार फ्रँक झॅपा यांचा कार्यक्रम चालू असताना श्रोत्यांपैकी कोणीतरी फ्लेअर गन छताच्या दिशेने झाडली आणि संपूर्ण इमारत जळून गेली. माँत्रो जॅझ महोत्सवाचे क्लोद नोब्स यांनी मुलांना बाहेर काढण्यासाठी धाव घेतली आणि कोणाचाही जीव गेला नाही. सरोवरावर पसरलेला धूर बँडने हॉटेलच्या खिडकीतून पाहिला.

त्यानंतर नोब्स यांनी त्यांना पॅव्हिलियन नावाचे एक नाट्यगृह मिळवून दिले. तेथे रात्री वाजवायला सुरुवात केली तेव्हा शेजारच्यांनी तक्रार केली, पोलीस दाराशी आले, आणि आत वादन पुरे होईपर्यंत बँडच्या मदतनिसांनी दार आतून धरून ठेवले. त्या जागेत एवढाच एक ट्रॅक मुद्रित झाला, आणि तो म्हणजे आपण शिकत असलेले गाणे, ज्याला तेव्हा ना शब्द होते ना नाव. अखेरीस हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या थंडगार कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून त्यांनी बाकीचा अल्बम केला. ट्रकपर्यंत जाऊन मुद्रण ऐकण्यासाठी खोल्या आणि बाल्कन्या ओलांडत एवढा वळसा पडे की त्यांनी ते ऐकणेच सोडून दिले. पाचही जण समोरासमोर उभे राहून वाजवत आणि चांगले झाले असे वाटले की पुढच्या गाण्याकडे वळत. 'मशीन हेड' असा तयार झाला आणि मार्च 1972 मध्ये प्रकाशित झाला. त्यात जो जिवंतपणा आहे तो स्टुडिओतून आलेला नाही, पाच माणसे एकमेकांचे ऐकत वाजवत होती त्यातून आलेला आहे.

वहीतली_नोंद

वरील विवेचन मला पटते. त्याला एक अगदी कोरडी वाटणारी, परंतु माझ्या मते निर्णायक नोंद जोडतो. अल्बमवर गाण्यांखाली गीतकार-संगीतकार म्हणून कोणाची नावे छापली आहेत, ते पाहत जावे.

'इन रॉक', 'फायरबॉल' आणि 'मशीन हेड' या तिन्ही अल्बमांमध्ये प्रत्येक गाण्याखाली पाचही नावे आहेत. रिफ कोणाला सुचली, शब्द कोणी लिहिले, याचा हिशेब न करता मानधनाचे समान पाच वाटे होत असत. 'बर्न'मध्ये ही रीत ढासळते. नव्याने आलेले बेसवादक ग्लेन ह्यूज यांचे नाव जुन्या करारांच्या अडचणीमुळे मूळ आवृत्तीत घेतलेच गेले नाही, आणि त्याच वर्षीच्या 'स्टॉर्मब्रिंगर'मध्ये गाण्यागणिक नावे बदलतात. 1984 साली मार्क टूची मंडळी पुन्हा एकत्र आली तेव्हा 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'च्या जवळजवळ सर्व गाण्यांखाली ब्लॅकमोर, गिलन आणि ग्लोव्हर अशी तीनच नावे होती. लॉर्ड आणि पेस त्याच खोलीत वाजवत होते, पण कागदावर नव्हते. तो अल्बम मला अतिशय प्रिय आहे, तरीही पुढच्या दहा वर्षांतल्या भांडणांचे बीज मला त्या कागदावर दिसते. 1989 मध्ये गिलन यांना काढण्यात आले, 1992 मध्ये परत बोलावण्यात आले, आणि 17 नोव्हेंबर 1993 रोजी हेलसिंकीतला कार्यक्रम आटोपून ब्लॅकमोर कायमचे निघून गेले. ठरलेला जपानचा दौरा गिटारवादक जो सॅट्रिआनी यांनी निभावून नेला.

1994 च्या अखेरीस गिटारवर स्टीव्ह मोर्स आले आणि 1996 च्या 'पर्पेंडिक्युलर'पासून पाच नावांची रीत परत आली. अमेरिकेत जॅझ आणि कंट्री अशा दोन्ही वळणांत मुरलेले मोर्स हे ब्लॅकमोर यांच्यासारखे मुळीच वाजवत नाहीत, आणि तरीही तो अल्बम त्यांच्या आधीच्या दोन-तीन अल्बमांपेक्षा अधिक 'डीप पर्पल' वाटतो. 2013 पासून बॉब एझ्रिन हे निर्माते म्हणून आले, तेव्हा त्यांचेही नाव या यादीत सामील झाले. आपल्याला 2024 चा अल्बम घरातला वाटतो याचे कारण मी येथे शोधतो. गाणी अजूनही खोलीत एकत्र वाजवून घडतात आणि ती सगळ्यांची असतात.

रातराणी

नावांच्या यादीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण त्यातून 'बर्न'वर अन्याय होत आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते, म्हणून लिहिते.

मार्क टू मोडला तो श्रेयाच्या वाटपामुळे नव्हे, तर थकव्यामुळे. 1969 च्या उन्हाळ्यापासून 1973 च्या जूनपर्यंत त्या पाच जणांना उसंत मिळाली नाही. अल्बम, अमेरिकेचा दौरा, पुन्हा अल्बम, पुन्हा दौरा असे चालू होते. 1971 मध्ये गिलन यांना कावीळ झाली तेव्हाच काय ती सक्तीची विश्रांती मिळाली. डिसेंबर 1972 मध्ये त्यांनी राजीनाम्याचे पत्र दिले, त्यानंतरही सहा महिने काम केले आणि 29 जून 1973 रोजी ओसाकात शेवटचा कार्यक्रम करून ते बाहेर पडले. व्यवस्थापकांनी सर्वांना तीन महिने घरी पाठवले असते तर बँड टिकला असता, अशा अर्थाचे त्यांनी पुढे सांगितले आहे, आणि मला ते खरे वाटते. त्यांच्याबरोबर ग्लोव्हर यांनाही जावे लागले, जे मला सगळ्या इतिहासातले सर्वांत दुखरे ठिकाण वाटते.

गिलन यांच्या जागी आलेले गायक डेव्हिड कव्हरडेल इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील रेडकार येथे कपड्यांच्या दुकानात काम करत होते, आणि काही महिन्यांतच, 6 एप्रिल 1974 रोजी, ते कॅलिफोर्निया जॅम या संगीत महोत्सवात दोन लाखांहून अधिक लोकांसमोर गायले. ट्रॅपीझ बँडमधून आलेले ह्यूज बेस वाजवत आणि गातही असत. एकाऐवजी दोन गायक आले, तेही कृष्णवर्णीय अमेरिकी सोल संगीतावर वाढलेले, आणि बेसचा ठेका फंक या ठेकेदार अमेरिकी नृत्यसंगीताकडे झुकला. प्रश्नकर्त्यांना 'बर्न' परका वाटतो तो यामुळे. गिटार आणि ऑर्गन तेच असले तरी त्यांच्या पायाखालची जमीन बदलली होती. ग्लोव्हर यांचा बेस साधा आणि भक्कम असतो, तो पेस यांना झुलायला जागा देतो. ह्यूज स्वतःच झुलतात. ही उणीव नव्हे, ते निराळे संगीत आहे, आणि शीर्षकगीतातील पेस यांचे ड्रम त्यांच्या उत्कृष्ट कामांपैकी आहेत हे कृपया एकदा शांतपणे ऐकावे.

त्या काळाचा शेवट मात्र दुःखद झाला. ही फंककडची वाट न रुचून ब्लॅकमोर 1975 मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी रेनबो हा बँड काढला. त्यांच्या जागी आलेले अमेरिकन गिटारवादक टॉमी बोलिन असामान्य गुणाचे होते, पण व्यसनात अडकले होते. मार्च 1976 मध्ये लिव्हरपूलच्या कार्यक्रमानंतर बँड संपला, आणि 4 डिसेंबर 1976 रोजी, माँत्रोच्या आगीला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, बोलिन वयाच्या 25 व्या वर्षी मायामीत गेले. त्यांच्याबरोबरचा एकुलता एक अल्बम 'कम टेस्ट द बँड' मी आजही काढून ऐकते.

जुनी_कॅसेट

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री सांगितल्याप्रमाणे दोन तारा बोटांनी ओढून पाहिल्या. मित्राच्या कीबोर्डवर हॅमंडचा आवाज लावून तो गिटारच्या अँपमधून काढला, आणि पहिल्यांदाच आमच्या खोलीत ती रिफ ओळखीची वाटली. 'बर्न'ही पुन्हा ऐकला. बेसकडे लक्ष देऊन ऐकल्यावर रातराणी यांचे म्हणणे लगेच उमगले, आणि माझी नाराजी पुष्कळ कमी झाली.

एक गोष्ट राहून राहून मनात येते. 'चाइल्ड इन टाइम' हे माझे सर्वांत आवडते गाणे आहे, पण अलीकडच्या कोणत्याही कार्यक्रमाच्या मुद्रणात ते सापडत नाही. असे का?

पट्टी_काळी_दोन

त्या गाण्यातल्या शब्दांवाचूनच्या तारसप्तकातल्या किंकाळ्या गिलन यांनी विशी-पंचविशीत रचल्या होत्या. 2002 नंतर त्यांनी ते गाणे कार्यक्रमांतून काढून टाकले, कारण पूर्वीच्या ताकदीने ते गाता येणार नसेल तर गाऊच नये अशी त्यांची भूमिका आहे. पट्टी उतरवून किंवा सहगायकांच्या आधाराने ते आजही दरवेळी श्रोत्यांना देता आले असते. तसे त्यांनी केले नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी नितांत आदर वाटतो.

या गाण्याची एक कथा मराठी वाचकांना विशेष रुचेल. 1969 मध्ये लंडनच्या हॅनवेल कम्युनिटी सेंटरमध्ये तालमी चालू असताना लॉर्ड ऑर्गनवर एक सुरावट सहज वाजवत होते. ती सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडच्या एका व्हायोलिनप्रधान वाद्यरचनेतली होती आणि त्या रचनेचे नाव होते 'बॉम्बे कॉलिंग'. ती लय संथ केल्यावर गिलन त्यावर गाऊ लागले आणि शीतयुद्धाच्या भयाखालचे ते गाणे उभे राहिले. पुढच्याच वर्षी त्या अमेरिकन बँडनेही डीप पर्पलची एक रचना आपल्या अल्बममध्ये वापरली, आणि अशी परस्पर परतफेड झाली. वर उल्लेख केलेल्या अल्बर्ट हॉलच्या रात्री, वाद्यवृंदाबरोबरची ती मोठी रचना सुरू होण्यापूर्वी, डीप पर्पलने हे गाणेही सादर केले होते.

सीएसटी_लोकल

वरच्या नावाला जोडून लिहितो. एप्रिल 1995 मध्ये डीप पर्पल मुंबईत आले तेव्हा मी महाविद्यालयात होतो आणि तो कार्यक्रम मी उभ्याने ऐकला. त्याचे पुढे जे चित्रमुद्रण निघाले त्याला 'बॉम्बे कॉलिंग' असेच नाव दिले गेले.

तेव्हा मोर्स बँडमध्ये येऊन जेमतेम पाच महिने झाले होते आणि त्यांच्याबरोबरचा एकही अल्बम अजून निघालेला नव्हता. आमच्यापैकी अनेक जण ब्लॅकमोर नाहीत म्हणून थोडे खट्टू होऊन गेले होते. मला स्पष्ट आठवते ते असे, की मी सुरुवातीला सगळा वेळ मोर्स यांच्या बोटांकडे पाहत होतो आणि थोड्या वेळाने माझे लक्ष लॉर्ड यांच्याकडे गेले. ते ऑर्गनवर वाजवता वाजवता मान वळवून मोर्स यांच्याकडे पाहत होते, आणि मोर्स यांनी एखादी नवी जागा घेतली की लगेच तिला ऑर्गनवर उत्तर देत होते. लॉर्ड 2002 मध्ये बँडमधून निवृत्त झाले आणि 16 जुलै 2012 रोजी गेले. मोर्स यांनीही आजारी पत्नीच्या सेवेसाठी 2022 मध्ये बँड सोडला. प्रश्नकर्त्यांना सुचवावेसे वाटते की 'इन रॉक'मधले 'चाइल्ड इन टाइम' लावून गिलन गाऊ लागेपर्यंतचा केवळ ऑर्गन ऐकावा, आणि मग तीच जागा आपल्या मामांच्या कॅसेटवर, ओसाकात लॉर्ड यांनी ती कशी वाजवली आहे, ते ऐकावे.